बिनदातांची कवटी

प्रिय दादा,

तुझा निरोप मिळाला. मी उत्तर दिलं नाही म्हणून तू पुन्हा नुसतं एक प्रश्नचिन्ह पाठवलंस, तेही मिळालं. फोनवर दोन ओळींत सांगण्यासारखं ते नव्हतं, आणि तुझ्याशी बोलायला बसले की माझं काय होतं ते तुला माहीत आहे. तू बोलतोस आणि मी हं हं करत राहते. म्हणून कागद घेतला. मला लिहायची सवय नाही, दुकानात चष्म्यांचे नंबर लिहिते तेवढंच. मागचं पुढे झालं तर समजून घे.

घरी सगळं ठीक आहे. आईची खोली आवरली. खाट देऊन टाकली, खिडकीजवळची खुर्ची ठेवली आहे, ती मला लागते. इतकी वर्षं मी दुपारी आईला भरवायला घरी पळायचे आणि धापा टाकत परत यायचे. मालक घड्याळाकडे बघून म्हणायचे, "आलात? गिऱ्हाईक केव्हाचं आंधळं होऊन बसलंय." आता मी दुकानातच डबा खाते. परवा सवयीनं उठले, चपला घातल्या आणि दारापर्यंत गेले. मालकांनी पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती तेव्हाचं तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. तिचा आवाज ऐकून लोक तिला बघायला यायचे आणि बघून निमूटपणे परत जायचे, असं तीच सांगायची आणि पोट धरून हसायची. त्या आवाजाचा तिला फार अभिमान. म्हणून दात जायला लागले तेव्हा खाण्यापेक्षा बोलणं बिघडलं याचाच तिला जास्त राग आला. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी कवळी करून दिली. दोन दिवस घातली आणि तिसऱ्या दिवशी काढून माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "ही कुणाची बत्तिशी आणलीस? माझी असती तर मलाच चावली नसती." त्यानंतर ती कवळी पाण्यातच राहिली. तेव्हा तिला सगळं कळत होतं. विसरणं नंतर सुरू झालं.

मधे तू एकदा आला होतास. मी दुकानातून यायच्या आत तूच वाटी घेऊन तिच्यासमोर बसला होतास. मला इतकं बरं वाटलं होतं. दुसऱ्याच घासाला तिला ठसका लागला, तिचे डोळे पांढरे झाले, आणि तू उठून वाटी माझ्या हातात दिलीस. "तूच दे बाई, मला नाही जमायचं हे," म्हणालास आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलास. मी तुला दोष दिला नाही. मलाही आधी जमत नव्हतं. तुझं पोट तिथे, तुझी मुलं तिथे, तुझा विभाग तिथे. कुणीतरी इथे राहायचंच होतं आणि मी होतेच. यावर आपण कधी भांडलो नाही. मला वाटायचं की भांडलो नाही, कारण तुला सगळं ठाऊक आहे.

तू पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतोस ती व्याख्यानं विद्यापीठानं सगळ्यांसाठी खुली केली तेव्हा मी एकेक करून ऐकायला लागले. आईला झोपवून, भांडी घासताना, फोन खिडकीत उभा करून. तू छान शिकवतोस. हा टोमणा नाही. माणूस दोन पायांवर उभा राहिला म्हणून कंबर अरुंद झाली, पुढे डोकं मोठं झालं, म्हणून आपलं मूल अर्धकच्चं जन्मतं आणि वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या हातून खातं, हे तू सांगितलंस ते मला पहिल्यांदाच नीट समजलं. शाळेत आपल्याला माकड आणि माणूस यांचं एक चित्र दाखवून पान उलटलं होतं. समोरच्या शिंपीणबाईंनाही मी ते ऐकवलं. त्या म्हणाल्या, "तुझा भाऊ एवढा शिकला, तरी बाळंतपण अवघड असतं एवढंच सांगतोय की." पण त्यांनाही आवडलं होतं.

मग ते कवटीचं व्याख्यान आलं. सतरा-अठरा लाख वर्षांपूर्वीची ती कवटी, एक सुळा सोडला तर तोंडात दात नाहीत. तू पडद्यावर जबडा मोठा करून दाखवलास. माणूस मेल्यानंतर दात पडला तर त्याची खाच तशीच उघडी राहते, जिवंतपणी पडला तर हाड हळूहळू भरत येतं आणि जबडा गुळगुळीत होतो. हा जबडा गुळगुळीत होता. म्हणजे तो जीव दातांशिवाय बराच काळ जगला. मग तू म्हणालास, त्याला कुणीतरी भरवलं असणार, आणि माणूस असण्याची सुरुवात आपण तिथून मोजायला हवी. माझे हात साबणात तसेच राहिले. मला वाटलं, हे तू माझ्याशी बोलतोयस. माझ्या तोंडावर म्हणता येत नाही ते तू वर्गात म्हणतोयस.

तेवढ्यात मागून एका मुलीनं विचारलं. सर, कशावरून? तो स्वतःच दगडानं ठेचून खात असेल. हाडांतला मगज, मऊ फळं. कुणी भरवलं असं हाडावर कुठे दिसतं? प्रश्न बरोबर होता. तूच पहिल्या दिवशी त्यांना सांगितलं होतंस की पुराव्यापेक्षा एक पाऊलही पुढे टाकू नका. तू म्हणायला हवं होतंस की नक्की माहीत नाही. पण वर्ग भरलेला होता आणि मुलगी हुशार होती. तू चष्मा काढलास. (ती काडी सैल झाली आहे, मी तेव्हाच पाहिलं.) आवाज खाली आणलास आणि म्हणालास, "माझ्या आईच्या तोंडात एकही दात नाही. तिला मी माझ्या हातानं भरवतो. माझ्याशिवाय ती एक आठवडा जगणार नाही. म्हणून मला माहीत आहे." ती मुलगी खाली बसली. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

तेव्हाही मी तुला फोन केला नाही. मनाशी म्हटलं, बोलण्याच्या ओघात गेलं असेल. आणि मग मी एक मूर्खपणा केला. दुसऱ्या दिवशी आई काही केल्या तोंड उघडेना, म्हणून तिला तुझं तोंड दाखवावं म्हणून तेच व्याख्यान लावलं. ती विसरायला लागली होती, पण तुझा आवाज तिनं लगेच ओळखला. पूर्ण ऐकलं. ते वाक्य आल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं आणि मोठ्या खुशीत म्हणाली, "ऐकलंस? तो भरवतो म्हणून मी आहे." आणि तोंड उघडलं.

त्या दिवसापासून तसंच चाललं. मी घास पुढे केला की ती एक्स्चेंजमधल्यासारखं विचारायची, "कोण बोलतंय?" मी माझं नाव सांगितलं की ओठ मिटायची. तुझं सांगितलं की खायची. कधी मला दरडावायची, "तू कामाला आहेस ना, मग मुकाट्यानं वाटी धर, तो येईल भरवायला." कधी माझ्या मनगटाला धरून तुझ्या नावानं म्हणायची, "हळू रे बाळा, दमला असशील." मी हो म्हणायचे. ती खात होती. खात नव्हती तेव्हा काय व्हायचं ते मी पाहिलं होतं, म्हणून मी हो म्हणायचे. दुसरी कुठली वाट तुला सुचली असती तर सांग. तू शिकलेला आहेस.

ती गेली त्या सकाळी शिंपीणबाई बसल्या होत्या तिच्याजवळ. मी पाणी आणायला आत गेले होते. त्यांच्याशी ती शेवटचं बोलली, की माझ्या मुलानं मला जगवलं. बाईंनी मला ते अगदी मायेनं सांगितलं. त्यांना वाटलं, भावाचं कौतुक ऐकून मला बरं वाटेल.

तरीही दादा, हे सगळं मी गिळलं असतं. म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याचं काय धरून बसायचं. पण तू आलास, घरात माणसं जमली, आणि मावशी तुझा हात हातात घेऊन म्हणाली, "असा मुलगा मिळायला नशीब लागतं. तुझं ते भाषण आम्ही सगळ्यांनी ऐकलं. आईला हातानं भरवलंस रे." मी चहाचा ट्रे घेऊन तुझ्या अगदी समोर उभी होते. मावशीलाही खरं माहीत होतं, तिनं मला आईला भरवताना कितीदा बघितलं होतं. पण छापलेलं आणि पडद्यावर आलेलं तिला डोळ्यांपेक्षा खरं वाटतं. मी तुझ्याकडे बघत राहिले. तू फक्त एवढंच म्हणायचं होतंस, "नाही मावशी, हिनं." तीन शब्द. तू मान खाली घातलीस, डोळे पुसलेस, आणि माझ्या ट्रेमधला कप उचललास.

आता तुझ्या निरोपाबद्दल. पहिल्या वर्षासाठी तू पाठ्यपुस्तक लिहितोयस, कवटीच्या प्रकरणाची सुरुवात आईपासून करायची आहे, आणि प्रकाशकांना बारकावे हवे आहेत, असं तू लिहिलंस. आईला नेमकं काय द्यायचो, कसं मऊ करायचो, घास घशाखाली उतरला हे कसं कळायचं, भरवताना तिच्याशी काय बोलायचो. "द्यायचो", "बोलायचो" असं तू लिहिलं आहेस. मी ते बराच वेळ बघत बसले. मला हे सगळं माहीत आहे. तिची मान कशी धरायची, कुठल्या गालात घास साठायचा, कुठलं गाणं म्हटलं की गिळायची, सगळं. या पत्रात मी तुला बाकीचं सगळं सांगितलं, पण भरवण्याबद्दलचं हे एक अक्षरही सांगितलेलं नाही, आणि सांगणार नाही. तुझ्या मनानं लिही, लोक विश्वास ठेवतील. ती खात होती तेव्हा माझ्या हातून खात होती, हे तिलाही कळलं नाही, जगालाही कळणार नाही. माझ्याजवळ तेवढे घास उरले आहेत. ते मी तुला भरवणार नाही.

तुझीच,
धाकटी