आवडाबाईंना सांगितलं ते

सिल्लोड
१० नोव्हेंबर २०२४

चि. विशाखास,
सप्रेम जयभीम आणि आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुमच्याकडं फोन केला की तो स्पीकरवर असतो आणि तुझा बाप, आमचा राजकुमार, मध्येच बोलतो, म्हणून पत्र लिहिते. कॉलेजच्या स्पर्धेत तुझा पहिला नंबर आला, असं राजकुमारनं सांगितलं. डॉक्टरांना पेशंटशी बोलायचंही शिकवतात, हे माझ्यासारख्या जुन्या मास्तरणीला नवीनच. लहानपणी पाहुणे आले की दाराआड लपायचीस, आणि आता तुला बोलण्याचं बक्षीस. काय बोललीस, कोणाशी, सगळं नीट लिही.

माझं पोट अजून दुखतं. पण दुर्बिणीची तपासणी झाली तेव्हा आतड्याला नुसती सूज आहे असं तूच म्हणालीस, त्यामुळं मी निर्धास्त आहे. माझा अतुल सुरतेहून सुट्टी काढून येतो म्हणत होता. त्याला म्हटलं, विशाखा डॉक्टर होतेय, तिचा शब्द आहे. आता धावपळ नको, उन्हाळ्यात सावकाश ये.

बाजरीची भाकरी चालते का ते कळव. लोभ ठेव आणि सुट्टीत चार दिवस इकडं ये.

तुझी आत्या,
भामा

पडेगाव, छ. संभाजीनगर
१७ नोव्हेंबर २०२४

ती. भामाआत्यास,
विशाखाचा सप्रेम जयभीम.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. भाकरी चालेल, पण दुधात कुस्करून खा.

वाईट बातमी पेशंटला कशी सांगायची, याची स्पर्धा होती. खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसायचं, उभ्याउभ्या बोलायचं नाही. त्याला स्वतःला काय वाटतंय ते आधी विचारायचं. नातेवाइकांकडं नाही, त्याच्याकडं बघून बोलायचं, कारण आजार त्याचा असतो. पेशंट म्हणून आमच्या कॅन्टीनच्या आवडाबाई बसल्या होत्या. त्यांना आतड्याचा कॅन्सर झालाय आणि तो पसरलाय, असं मला सांगायचं होतं. सांगता सांगता मला रडूच आवरेना. शेवटी आवडाबाईच म्हणाल्या, पोरी रडू नको, मला काय बी झालं नाय. परीक्षकांना ते सगळं फार खरं वाटलं.

गोळ्या चुकवू नकोस. अतुलदादा आत्ताच येऊन गेला तर बरं होईल, सहज म्हणते. माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी,
विशाखा

सिल्लोड
२१ नोव्हेंबर २०२४

चि. विशाखास,
जयभीम.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. त्या तपासणीच्या दिवशी डॉक्टर माझ्याशी नाही, राजकुमारकडं बघून बोलले. तू दाराशी उभी होतीस. सूज आहे हेही मला उभ्यानंच सांगितलंस, पिशवी आवरता आवरता. सिल्लोड येईपर्यंत गाडीत पेरूंपासून परीक्षेपर्यंत सगळं बोललीस, पण माझ्या पोटाचं नाव काढलं नाहीस. मला वाटलं, पोर दमली असेल.

आवडाबाईंसमोर तू कोणासाठी रडलीस, ते आता कळलं.

गप्प बस म्हणून राजकुमारनंच सांगितलं असणार. तो पहिल्यापासून भित्रा, त्याचं मला काही वाटत नाही. पण तुला अक्षर ओळखायला मी शिकवलं. तू माझ्याशी खोटं बोलशील हे मनातही आलं नाही, आणि त्या खोट्यावर विसंबून मी माझ्या लेकाला येऊ नको म्हटलं. मला पुढचा उन्हाळा आहे की नाही, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं. कॅन्टीनमधल्या बाईला तू खुर्ची ओढून खरं सांगितलंस आणि मला दूध-भाकरी. याचा राग इतक्यात जाईल असं वाटत नाही.

अतुलला बोलावून घेतलं आहे. रविवारी तू एकटी ये, राजकुमारला आणू नकोस. पत्रात काही लिहू नकोस, फोनही नको. ओसरीवर दोन खुर्च्या ठेवते. आवडाबाईंना सांगितलंस तसंच सगळं मला सांग. रडू आलं तर रड. फक्त तुला गप्प करायला त्या जे म्हणाल्या, ते मला म्हणता यायचं नाही.

तुझी आत्या,
भामा