एक दिवस आधी

९ सप्टेंबर

आज हे फिरून आले ते बूट न काढताच म्हणाले, "आपण जहाजाने जायचं."

कुठे? "कुठे काय, समुद्रात!"

लग्नाला चाळीस वर्षं होतील म्हणून. यांच्या फिरायच्या कंपूतले बँकवाले जाऊन आले, तेव्हापासून किडा वळवळत होता. मी म्हटलं, "तुम्हाला तर साध्या होडीत मळमळतं." म्हणाले, "होडीला लिफ्ट असते का? याला आहे!"

चष्म्याचं दुकान विकल्यापासून यांनी पहिल्यांदा काहीतरी हवं असं म्हटलं. मी लगेच हो म्हणून टाकलं.

१२ सप्टेंबर

तीन माहितीपत्रकं आणली. तीन मार्ग, तीन बंदरं. मी तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"हेच का?"

"याचं पाणी जास्त निळं आहे."

"फोटोतलं सगळंच पाणी निळं असतं."

"याचं जास्त आहे."

हसले. "चाळीस वर्षं पडदे तुझ्या आवडीचे. आता समुद्रही तुझ्याच आवडीचा. घे!"

किती सहज दिला त्यांनी मला तो समुद्र. आणि मी काय केलं? त्या बंदराच्या गावात गेल्या वर्षापासून आमची मुलगी, छोटी, राहते. यांना ते माहीत नाही. ती परदेशी आहे एवढंच माहीत आहे. तिचं नाव निघालं की हे टीव्हीचा आवाज वाढवतात.

१३ सप्टेंबर

झोप नाही. शाळेत सिस्टर म्हणायच्या, गप्प राहणं हेही खोटं बोलणंच. तेव्हा आम्ही मान डोलवायचो आणि बाहेर जाऊन हसायचो.

१७ सप्टेंबर

पाटीची आठवण येते. हिरव्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत यांनी दुकानाच्या नावाखाली 'आणि कन्या' असं रंगवून घेतलं होतं. रंगारी म्हणाला, "साहेब, 'आणि पुत्र' लिहितात." हे म्हणाले, "तू रंग लाव, व्याकरण मी बघतो." छोटी काउंटरवर बसायची, गिऱ्हाइकं तिला 'छोटे शेठ' म्हणायची. पाटीचा रंग वाळून हिवाळा संपायच्या आत तिने सांगितलं – मी जातेय. परदेशी नोकरी मिळाली.

यांनी शिडी लावून स्वतः ती दोन अक्षरं खरवडली. म्हणजे दोन शब्द. रंग गेला, खुणा राहिल्या.

सहा वर्षं झाली.

२१ सप्टेंबर

तिकिटांच्या ऑफिसात गेलो. तिकीटवाली पोरसवदा, पण कामात पक्की. आधी पासपोर्ट मागितले. परत आल्याच्या दिवसानंतरही सहा महिने चालायला हवेत म्हणाली. यांचा काठावर होता! नवा करायला टाकायचा. मग व्हिसा. मी एकदाच प्रवेशाचा मागत होते, तिने थांबवलं. "काकू, जहाज बाहेर जातं आणि फिरून त्याच देशात येतं. मग तुम्हाला परत आत कोण घेणार? अनेक प्रवेशांचा लागतो." बँकवाल्यांनी हे काही सांगितलं नव्हतं. त्यांनी फक्त जेवणाचं सांगितलं.

यांचं लक्ष सगळं तिच्या चष्म्याकडे. घसरत होता. शेवटी राहवलं नाही. खिशातून तो बोटाएवढा स्क्रूड्रायव्हर काढला आणि म्हणाले, "द्या इकडे." तिने दिला. दोन पीळ, एक फुंकर. "आता बघा."

"काका, हे खिशात घेऊन फिरता?"

"काही लोक पेन ठेवतात."

खोली कुठली घ्यायची यावर वाद. यांना वरच्या मजल्यावरची, गॅलरीची. ती म्हणाली, मळमळत असेल तर खालचा मजला आणि जहाजाचा मधला भाग. तिथे सगळ्यात कमी हलतं. "म्हणजे पोटात," हे म्हणाले. "जहाजाच्या पोटात बसून मी समुद्र बघणार!" पण ऐकलं.

खरी लढाई पुढे झाली. हे म्हणाले, सकाळी उतरू, दुपारी चढू, हॉटेल कशाला? तिकीटवाली म्हणाली, "काका, विमानाला उशीर झाला तर दुसरं मिळतं. जहाज थांबत नाही. एक दिवस आधी पोचायचं."

मी म्हटलं, "दोन दिवस."

ती म्हणाली, एक पुरे आहे. मी म्हटलं, दोनच. तिने नीट झालेल्या चष्म्यातून माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. हे म्हणाले, "हिला घाई सोसत नाही. दोन द्या."

माझी बाजू घेतली. नेमकी आज.

२२ सप्टेंबर

छोटीला फोन केला. आधी ओरडली आनंदाने. मग – "बाबांना माहीत आहे?"

मी म्हटलं, सांगेन.

"आई, सांगून ये. लपूनछपून भेटणार असशील तर नको येऊस. मी काय चोरी केलीय?"

५ ऑक्टोबर

सांगितलं नाही.

११ ऑक्टोबर

आज सांगणारच होते. हे आरशासमोर नवा कोट घालून उभे. जहाजावर एका संध्याकाळी नटूनथटून जेवायचं असतं म्हणे. "कसा दिसतो?" कॉलर उलटी होती. मी सरळ केली. मान खाली घालून उभे राहिले, शाळेत निघालेल्या मुलासारखे. कशी सांगणार?

१९ ऑक्टोबर

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घेतली. वेगवेगळी स्वस्त पडत होती, पण पहिलं चुकलं तर दुसरी कंपनी हात वर करते. मध्ये थांबायला भरपूर वेळ ठेवला. तिकीटवाली म्हणाली, "काकू, तुम्ही शिकलात की!" शिकले. सगळं पुढचं बघायला शिकले. समोर बसलेल्या माणसाशी बोलायला तेवढं शिकले नाही.

२ नोव्हेंबर

विमा काढताना यांच्या रक्तदाबाचं, छातीच्या जुन्या दुखण्याचं सगळं खरं लिहिलं. हे कुरकुरले, "कशाला सगळं उघडं करायचं?" मी म्हटलं, लपवलं तर ऐन वेळी काहीच मिळत नाही.

हे वाक्य मी बोलले! मी!

१५ नोव्हेंबर

बॅगा भरल्या. मोठ्या बॅगा बंदरावर जहाजवाल्यांच्या ताब्यात द्यायच्या, त्या खोलीत पोचायला संध्याकाळ होते. म्हणून औषधं, पासपोर्ट, एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत. मळमळीच्या गोळ्याही. छोटीसाठी घेतलेली शाल माझ्या बॅगेच्या तळाशी. हे म्हणाले, "एवढी जड का?" म्हटलं, पुस्तकं.

१७ नोव्हेंबर, मधल्या विमानतळावर

सांगितलं.

सकाळी तपासणीत यांचा स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. मीच विसरले – मोठ्या बॅगेत टाकायला हवा होता. त्या माणसाने तो डब्यात टाकला, कात्र्या आणि चाकूंच्या ढिगात. हे विमानात खिसा चाचपत बसले. मला वाटलं, आता आणखी काही यांच्यापासून लपवलं तर मला माफी नाही.

इथे उतरल्यावर बाकावर बसलो. कॉफी आणली. म्हटलं, "अहो, त्या गावात छोटी आहे."

हे समोरच्या पाटीवरची विमानांची नावं वाचत राहिले.

"काय करते?"

"भिंगांच्या कारखान्यात आहे. चष्म्यांच्या."

"चष्मेच करायचे होते तर आपलं काय वाईट होतं?"

मग म्हणाले, "पाणी जास्त निळं आहे म्हणून घेतलं होतं ना आपण?"

"हो."

"मला वाटलं, तू माझ्याबरोबर येतेयस."

उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. इथून पाठ दिसते. नवा कोट हातावर घडी करून धरलाय, चुरगळू नये म्हणून.

ते छोटीवरून चिडतील याची तयारी केली होती. माझ्यामुळे दुखावतील, हे मनातही आलं नाही. किती काळ मी यांना ओळखतच नव्हते?

१८ नोव्हेंबर

पोचलो. हॉटेल स्वच्छ, खोली लहान. खिडकीतून जहाजं दिसतात. हे खिडकीकडे पाठ करून झोपले.

१९ नोव्हेंबर

छोटी आली. हे वरच राहिले. "तू जा, मला झोप पुरी करायचीय."

तिच्या कानाजवळ पांढरे केस! माझ्या मुलीचे! मी हात लावला तर म्हणाली, "तुझ्याकडूनच आलेत." शाल लगेच अंगावर घेतली. रस्त्यापलीकडच्या लहानशा हॉटेलात सूप प्यायलो. तिने तिची खोली, तिचा साहेब, मशीनचा आवाज – सगळं सांगितलं. मी विचारलं, का गेलीस गं? इतक्या वर्षांत विचारलंच नव्हतं.

"त्यांनी पाटी रंगवली, आई. मला विचारलं नाही. मला आवडलंही असतं कदाचित. कोणी विचारलं असतं तर."

"हे त्यांना सांगितलंस कधी?"

"तुला सांगितलं होतं. तू म्हणालीस, मी बघते."

म्हणाले होते. आठवलं. आणि यांना जाऊन काय सांगितलं? पोरीला जग बघायचंय. तेवढंच. मला वाटलं होतं, धार बोथट करतेय.

"तू आमच्या दोघांच्या मध्ये उशी घेऊन उभी असतेस," छोटी म्हणाली. "लागत नाही काही, खरंय. पण ऐकूही येत नाही."

ती रागाने बोलली नाही. म्हणूनच लागलं. निघताना म्हणाली, उद्या सुट्टी घेतलीय, सकाळी येते. बाबा नाही आले तर तुला बंदरावर सोडेन.

२० नोव्हेंबर, दुपार

घाईत लिहितेय. बंदरावरच्या रांगेत आहे.

सकाळी हे नाश्त्याला खाली आले. छोटी तिथेच सोफ्यावर. हे दुसऱ्या सोफ्यावर बसले आणि तिथलं वर्तमानपत्र उघडलं. एक अक्षर कळत नाही त्यांना त्यातलं! मी मध्ये उभी.

"तिला विचार, खाल्लं का काही."

"बाबांना सांग, मी खाऊन आलेय."

"हिला सांग, सकाळचं खाऊन आलेली कधी नव्हती ही. चहावर असायची."

"बाबांना सांग, माणसं बदलतात."

"बदलतात ना! तिला म्हणावं, दिसलं मला."

दोघांमध्ये चार पावलंही नव्हती. दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते. मी तोंड उघडलं, दुसऱ्यांदा तेच बोलायला – आणि सवयीने त्याला साखर लावायला लागले. छोटी बघत होती. माझा मलाच इतका कंटाळा आला!

म्हटलं, बॅगा घेऊन येते.

वर गेले. माझी बॅग घेतली. यांची राहू दिली. यांचा पासपोर्ट, विम्याचे कागद, रक्तदाबाची औषधं एका पाकिटात घातली, वर छोटीचं नाव लिहिलं, खाली काउंटरवरच्या बाईकडे दिलं. परतीच्या विमानाचं तिकीट आहेच. मागच्या दाराने टॅक्सी केली.

रांगेतली माणसं जोडीजोडीने आहेत. कागद तपासणाऱ्या बाईने विचारलं, "दोघांची नावं आहेत, दुसरे कुठे?" मी म्हटलं, येत नाहीत. ती म्हणाली, जहाज थांबणार नाही. म्हटलं, माहीत आहे.

त्यांना वाटेल, पुन्हा फसवलं. वाटू दे का? नको वाटायला. चाळीस वर्षांत मी यांना कुठे एकटं सोडलं नाही. परत जावं का? अजून वेळ आहे. रांग सरकतेय. बॅग त्या लोकांनी नेली.

२० नोव्हेंबर, संध्याकाळ

सुटलं. किनारा अजून दिसतोय, फोन लागतोय. छोटीचा निरोप आला – "आई, हे काय करून बसलीस? बाबा प्रचंड चिडलेत. तासभर माझ्यावर ओरडतायत, आणि मीही ओरडतेय."

थेट तिच्यावर ओरडतायत!