‘म्हणून’च्या पुढे

माझा पोरगा माझ्या चुलीपासून उठवून नेलात आणि स्वतः मरून मोकळे झालात. निस्तरायला मी उरले. नमस्कार नंतर घालीन गुरुजी, आधी हे ऐकून घ्या. तुमच्याकडे मी दुसरीपर्यंत शिकले, तेवढ्या भांडवलावर हे लिहितेय. काने वाकडे जातील, जाऊ देत. आता छडी घेऊन तुम्ही येत नाही.

तो दिवस तुमच्या ध्यानात नसेल, माझ्या आहे. मी पुणतांब्याच्या घरात भाकरी थापतेय आणि तुम्ही दारात चपला काढून थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे. वर्गात तुम्ही वाघ, शेळी आणि गवताचं कोडं घातलं होतं. गोदावरी ओलांडायची, होडीतून एका वेळी एकच न्यायचं, मागं राहिलेल्यांनी एकमेकांना खायचं नाही. बाकीची पोरं होडी इकडून तिकडे नेत बसली आणि आमच्या शहाण्यानं विचारलं, "गुरुजी, वाघ होडीत नावाड्याला का खात न्हाई?" कानाखाली द्यायची सोडून तुम्ही हसत आमच्या घरी आलात. नगरला पाठवा, म्हणालात. मी विचारलं, शिकून काय दिवे लावणार, शेत कोण बघणार. तेव्हा जे बोललात ते अजून माझ्या घशात अडकलंय. "बाई, पोर तुमचं हाय, पण डोकं तुमचं न्हाई. ते अडवू नका." धन्याला तुमचं पटलं. तव्यावरची भाकरी करपली, तिचं कुणाला काही नाही.

पुढं तो नगरच्या कॉलेजात तर्कशास्त्राचा प्रोफेसर झाला. आपल्याकडे तर्क म्हणजे अंदाज. माझा मुलगा अंदाज बांधायचा पगार घेतो, असं मी गावात सांगायची आणि सून तोंडाला पदर लावून हसायची. धनी गेल्यावर मी इथं नगरात, सावेडीला त्याच्याकडे आले. नातीला सांभाळायचं आणि संध्याकाळी ऑनर्सच्या पोरांना चहा द्यायचा. अख्ख्या कॉलेजात ऑनर्सला हा विषय घेणारी दोनच डोकी. एक इथली शहरातली मुलगी, आणि एक कर्जतचा मुलगा, त्याचे आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडत होते. दोघांना तो घरी ओट्यावर बसवून शिकवी.

शिकवायची त्याची रीत मी भाजी निवडता निवडता ऐकलीय. स्वतः काही सांगायचं नाही. पोरांनी एक वाक्य बोलायचं, यानं डोळे मिटून विचारायचं, "म्हणून?" मग त्यांनी पुढचं बोलायचं, आधीच्यातून निघेल तेवढंच. विहीर आटली. म्हणून? मोट थांबली. म्हणून? बैल मोकळे. म्हणून? बैल विकायचे. इथं तो हातानं जमिनीवर थाप मारी. "हे कुठनं आलं? मोकळे बैल विकलेच पाहिजेत, हे कोण बोललं?" कर्जतचा पोरगा मान खाली घालून म्हणाला, "माझा बाप बोलला, सर." त्या दिवशी वर्ग तिथंच थांबला आणि माझा चहा तिघांनी गार करून प्यायला. आणि कुणी उलटं चाललं, शेवट बघून सुरुवात ठरवली, की त्याची थाप आणखी मोठी. "मागल्या दारानं शिरलास!" हे मला इतकं पाठ झालं होतं की नातीनं साखर चोरली तरी मी तेच ओरडायची.

आता ऐका काय झालं. शिमगा होऊन गेला होता. पोरं ओट्यावर, तो लोडाला टेकलेला. मुलीनं परीक्षेतलं एक अवघड कोडं मांडायला घेतलं. यानं विचारलं, "म्हणून?" ती पुढं गेली. पुन्हा "म्हणून?" कर्जतकरानं धागा उचलला. असं करत करत कोडं सुटलं. सरांनी एक अक्षर न सुचवता आपल्याकडून काढून घेतलं, या खुशीत पोरांची छाती फुगली. तरी तो विचारतच राहिला, म्हणून, म्हणून. पोरं हसली, अजून पुढं काहीतरी आहे असं समजून डोकं खाजवू लागली. मी चहा घेऊन आले. कप त्याच्या हातात दिला तो सरळ मांडीवर उपडा झाला, आणि भाजल्याचं त्याच्या तोंडावर काही दिसेना. उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. कोड्याच्या कुठल्या पायरीला गेलं, ते ओट्यावरच्या कुणालाच सांगता येईना.

सिव्हिलातून घरी आणला. उजवा हात-पाय लुळा, आणि तोंडात तेवढा एकच शब्द शिल्लक. तहान लागली तरी तोच, नात जवळ बसली तरी तोच. हे लिहितानासुद्धा माझ्या स्वतःच्या बोलण्यात तो शब्द येऊ नये असं मी बघतेय. डॉक्टर म्हणाले, आजी, सवयीचा शब्द जिभेवर राहून जातो, त्यात अर्थ शोधू नका. आत किती समजतंय ते सांगता येत नाही. सून दिवसभर अर्थच शोधते. "आत्याबाई, आत्ताचं पाण्याचं होतं," असं मला सांगते आणि तांब्या घेऊन धावते. तो पाणी ओठांच्या कडेनं बाहेर सोडतो. मग ती म्हणते, पाण्याचं नसेल, कूस बदलायची असेल.

पोरं रोज येतात. मी दोनदा हाकललं, तरी येतात. खाटेशी बसून जुने पेपर सोडवतात. तो विचारतो, ती सांगतात. दारातून कुणी बघितलं तर वर्ग जोरात चाललाय असंच वाटेल.

काल मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, "आजी, सरांना मुद्दाम चूक सांगून बघू. आत असतील तर सोडायचे नाहीत." मी नको म्हटलं. नको म्हटलं आणि चुलीपुढून उठून खाटेच्या पायथ्याशी जाऊन बसले, तेव्हा ते नको कसलं. ती बोलू लागली. ताप आला की अंग तापतं. म्हणून? आजींचं अंग तापलंय. म्हणून? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजींना ताप आलाय, सर." जाळापाशी बसून आलेल्या बाईला ताप. मागल्या दारानं शिरणं ते हेच, मला अडाणीलाही कळलं. आम्ही तिघं त्याच्या डाव्या हाताकडे बघत राहिलो. तो हात हलतो, थाप मारता येते. हात गोधडीवर पडून राहिला. तो तिच्याकडे बघून म्हणाला, "म्हणून."

मुलीनं तोंड झाकून घेतलं. सरांनी ही चूक कधी सोडली नसती, सर नाहीत आता, असं रडत रडत बोलली. कर्जतकर तिच्यावर उखडला. "सर पुढचं इचारत्यात. ताप हाय, तर आता काय करायचं, आसं. तुला कळंना व्हय?" दोघं भांडली, त्यानं शिकवलेल्या रीतीनंच भांडली, आणि दोघांचंही खोडून निघेना. शेवटी पोरगा माझ्याकडे वळला. "आजी, तुमी त्यांची आई हाय. तुमाला आतलं कळत आसंल."

सगळ्यांना हेच वाटतं. सुनेला, शेजारणींना, डॉक्टरांनासुद्धा. मी त्याचं अंग पुसते, दाढी करवून घेते, रात्री श्वास मोजते, आणि ह्या तोंडामागं माझा पोरगा बसलाय का नुसता त्याचा आवाज राहिलाय, हे मला ओळखू येत नाही. त्या पोराला मी म्हटलं, "मला काय बी कळत न्हाई. भाकरी खा आन् जा."

हे पत्र टपालात पडायचं नाही. तुम्ही जिथं आहात तिथं पोस्टमन जात नाही. तेव्हा माझं सांगणं तेवढं ध्यानात घ्या. आत कोण आहे, याचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही. स्वप्नात येऊन धीर दिलात तर मी तोंडावर दार लावीन. उत्तर डॉक्टरांनी द्यायचं नाही, सुनेनं नाही, त्या दोन लेकरांनी तर मुळीच नाही. दुसरा कुठलाही एक शब्द त्याच्या तोंडातून निघाला पाहिजे. शिवी चालेल. तो शब्द ‘आई’ असावा असं मला वाटतं, हे कुणाला बोलू नका. नसला तरी चालेल. पण उत्तर त्यानंच द्यायचं.