एका नावाचं घर

माय, मी घर घेतलं. दोन खोल्या अन् स्वयंपाकघर, दुसऱ्या मजल्यावर. तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण या घरापायी रोज तुला काहीतरी विचारावंसं वाटत होतं. विचारायला दुसरं कोणी नव्हतं.

कर्ज तीन ठिकाणी मिळत होतं. आमच्या टेलिफोन खात्याचं सगळ्यात स्वस्त, पण त्याला नंबर लावावा लागतो आणि बिल्डर थांबायला तयार नव्हता. सहकारी बँकेचं व्याज थोडं जास्त, विमा कंपनीचं सगळ्यात महाग. म्हणून बँकेत गेले. मॅनेजर भला माणूस, चहा मागवला. मग म्हणाला, "मॅडम, सोबत आणखी एक नाव लागेल. मिस्टर नाहीत तर भाऊ चालेल. घर दोघांच्या नावावर होईल." मी म्हटलं, पगार माझा, हप्ता मीच भरणार. "ते बरोबर आहे, पण उद्या तुमचं लग्न झालं तर?" माय, माझे केस पिकायला लागलेत. मला हसू आलं. तो हसला नाही.

दादा सावनेरला, खाणीच्या क्वार्टरमध्ये राहतो. बसनं त्याच्याकडे गेले. ऐकल्याबरोबर म्हणाला, "करतो नं सही, काहून नाई करणार? फक्त माह्यं नाव पयलं टाक. बाईमाणसाचं वर बरं नाई दिसत. अन् तुह्या मागं ते घर माह्या पोरायचंच हाये." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. बोलता बोलता माझ्या ताटात भाजी वाढत होता. 

मला इतवारीतलं मामाचं घर आठवत होतं. बाबा गेल्यावर आपण तिघं तिथं राहिलो. मला ताप आहे, तू पेज करायला शेगडी पेटवली आहेस, आणि मामी दारात येऊन आवाज न चढवता विचारते, "कोणाले विचारून पेटवली?" तू तांब्याभर पाणी निखाऱ्यांवर ओतलंस. मी मामीवर ओरडले, तर तू माझ्याच तापलेल्या गालावर मारलंस. "ज्याच्या घरात रायतो, त्याले असं बोलत नाई." दादाही तेव्हा तिथंच उभा होता. तो विसरला असेल. त्याला कधी शेगडी पेटवावी लागली नाही.

विचार करून सांगते म्हणाले आणि परतीच्या बसमध्येच ठरवलं. विमा कंपनीचं घ्यायचं, तिथं दुसरं नाव लागत नव्हतं. हप्ता मोठा, वर्षं जास्त, पण नाव माझं एकटीचं. फक्त नोकरीतले दोन जामीनदार हवे होते, आणि कोणाला विचारायला माझं तोंड उघडेना. शेवटी एक्स्चेंजमध्ये माझ्या शेजारच्या स्विचबोर्डावर बसणाऱ्या बाईंनीच खोदून खोदून विचारलं. "दिवसभर लोकायचे ट्रंक कॉल जोडतेस, अन् सोतासाठी बोलता येत नाई काय वं?" म्हणाल्या. स्वतः सही केली आणि सुपरवायझरसाहेबांचीही आणून दिली.

दादा वास्तूला आला नाही. "तुले माह्यावर भरोसा नाई," एवढंच फोनवर बोलला आणि ठेवून दिला. तेव्हापासून त्याचा फोन नाही. सावनेरचे कॉल मी रोज जोडते, दुसऱ्यांचे. तू असतीस तर कोणाची बाजू घेतली असतीस, मला सांगता येत नाही. बहुतेक त्याचीच.

हे पत्र कोणाला दाखवायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. रविवारी मला सुट्टी असते, अन् या दोन खोल्यांत दिवसभर माझ्याशिवाय कोणी नसतं. म्हणून मी मैत्रिणींच्या ड्यूट्या मागून घेते. हप्ता फार आहे गं, असं सांगते, आणि त्यांना ते खरं वाटतं. हप्ता माझ्या पगारात आरामात भागतो, माय.