चांगला निघालेला वॉल्व

नाना,

शेवटच्या ऑपरेशनात तुमच्या छातीतून काढलेला वॉल्व तपासायला आमच्याच लॅबमध्ये आला. हृदयाचे कृत्रिम वॉल्व कॅमेऱ्याखाली तपासणं हे माझं रोजचंच काम, पण तुमचा मी दोन-दोनदा तपासला. प्रखर उजेडात फिरवून फिरवून पाहिला. कुठे चीर नाही, ओरखडा नाही. नुसती रक्ताची गुठळी अडकली होती.

पालेभाजीनं रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचा जोर कमी होतो, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी ‘अंगात रक्त भरू दे’ म्हणत आई रोज मेथी करायची, आणि तिचं मन मोडू नये म्हणून तुम्ही खायचात.

काल पिंपळनेरला आले, तर आईनं दारातच विचारलं, “वॉल खराब व्हता ना वं, मेघा?”

“हाव, आई. चीर होती.”

“मंग आपलं काहीच चुकनं नही,” असं म्हणून ती खाली बसली आणि पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

आज तुमच्या फोटोपुढच्या ताटात तिनं मेथीच वाढली. मीही मागून घेतली.

नाना, तिच्या स्वप्नात आलात, तर एवढंच सांगा, भाजी चांगली व्हायची.

तुमची,
मेघा