माझ्या कार्डावरचे कान

तीर्थरूप साडूभाऊंस,

धाकट्या साडूचा नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण गुडघ्यांनी परवानगी नाकारली, तेव्हा खुर्चीत बसूनच घातला असं समजून घ्या. लेकीकडे राहायला गेल्यापासून तुमची साखर, ताईंची पाठ आणि तुमच्या जावयाचा स्वभाव, तिन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. आम्ही उभयता ठीक. फोन का नाही केला असं विचाराल, तर फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ऐकू आलं तरी तुम्ही ते मान्य करत नाही. आता या कागदाशी वाद घालून दाखवा.

परवा क्लबात गेलो होतो. म्हणजे आमच्या पक्षाच्या. (तुमच्या पक्षाच्या क्लबाच्या जागी आता चष्म्यांचं दुकान आलंय. तुमच्या लोकांना लांबचं कधी दिसलंच नाही, तेव्हा जागेचं सोनं झालं म्हणायचं.) आमचा क्लब अजून तिथंच, लाँड्रीच्या वर, जिन्याची मधली पायरी अजून तशीच हलते. पण वर माणूस नाही. नवे सेक्रेटरी दातांचे डॉक्टर आहेत. मीटिंग फोनवर होते, चहासुद्धा फोनवर कपाचं चित्र पाठवून पाजतात. कॅरम बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलाय आणि त्यावर कुणाची तरी ओली छत्री वाळत घातलेली. मला गलबलून आलं, खोटं कशाला बोलू? याच खोलीत मतदारांच्या चिठ्ठ्या लिहिता लिहिता आम्ही तुमच्या पक्षाचा उद्धार करायचो आणि शाई संपली की रस्ता ओलांडून तुमच्याकडूनच मागून आणायचो. शिडी तर दोन्ही पक्षांत मिळून एकच होती. आमचं पोस्टर तुम्ही आधी झाकायचात, मग खाली उतरून तीच शिडी आमच्यासाठी धरून उभे राहायचात. एवढं चांगलं विरोधी पक्षाचं माणूस आता शोधूनही सापडायचं नाही.

आणि ते शाळेतलं मतदान केंद्र! एका बाकावर आपण दोघं, तुम्ही तुमच्या पक्षाचे एजंट, मी आमच्या. आलेला मतदार खरा की खोटा हे कार्ड बघून कोण ठरवत होतं? आपण मान हलवली की तो खरा. अर्धा वॉर्ड माझ्याकडे कपडे शिवायचा, उरलेला तुमच्या किराणा दुकानात उधारीवर जगायचा, मग ओळखायला काय लागतं? आठवतं ना, गल्लीत घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींच्या नावावर एक परका इसम मत द्यायला आला होता. वर्गातलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं होतं आणि हा बाबा त्याच्याकडे ढुंकूनही न बघता रांगेत उभा! आपण दोघं एकदमच उठलो आणि एकदमच ‘हरकत’ म्हणून ओरडलो. दोन पक्षांचं एकमत झालेलं बघून केंद्राच्या अधिकारी साहेबांच्या हातातलं पेन पडलं होतं.

तर आता मुद्दा. नवा नियम निघालाय. मतदाराने कार्ड घेऊन शाळेत जायचं, तिथे अधिकारी बाई कार्डावरचा फोटो आणि आपलं तोंड ताडून बघणार. जुळलं तर नाव राहणार, नाही जुळलं तर यादीतून बाद. मी अगदी छाती पुढे काढून गेलो. म्हटलं, ज्याने सगळ्या वॉर्डाची ओळख पटवली त्याची ओळख कोण विचारतो? बाईंनी कार्ड बघितलं, मला बघितलं, पुन्हा कार्ड बघितलं आणि म्हणाल्या, “काका, हे तुम्ही नाही.” मी म्हटलं, तरुणपणीचा मी आहे, माणूस सुकतो. त्या म्हणाल्या, “केस जातात, दात जातात, पण कान बदलत नाहीत. हे कान तुमचे नाहीत.” शिवाय या गल्लीतल्या प्रत्येक माणसाच्या फोटोत एकच कोट का आहे, असंही त्यांनी विचारलं. (तो कोट माझ्या दुकानात शिवायला टाकून कायमचं पसार झालेल्या गिऱ्हाइकाचा होता आणि फोटोच्या शिबिरासाठी मी तो क्लबाला दिला होता, हे त्यांना सांगितलं. त्याने माझं वजन वाढलं नाही.)

घरी येऊन भिंग लावून बघितलं. साडूभाऊ, ते कान तुमचे आहेत! नाव माझं, वय माझं, पत्ता माझा, आणि वर पातेल्याच्या कड्यांसारखे हे कान. मग सगळं लख्ख आठवलं. तुमच्या क्लबातली वीज गेली होती म्हणून तुम्ही आमच्याकडे फोटो काढायला आला होतात. यादीत माझ्या लगेच खाली तुमचं नाव होतं, म्हणून स्टुडिओवाल्याने आधी माझं नाव पुकारलं. मी कोट चढवून उठलो, तेवढ्यात तुम्ही घसा खाकरलात. थोरले जावई तुम्ही! सासऱ्यांच्या घरी पहिलं ताट तुमचं, पहिला पाट तुमचा, मग क्लबातल्या स्टुलावर मी आधी कसा बसणार? मी मुकाट्याने कोट उतरवला आणि तुम्हाला घातला, बाह्याही नीट केल्या. स्टुडिओवाला यादीच्या क्रमाने नंबर टाकत गेला. तेव्हा तुमच्या कार्डावर आजतागायत मी बसलेलो आहे. तुमच्या लक्षात आलं नाही यात नवल नाही, कारण आपण दोघांनी कार्डं ट्रंकेत टाकली ती टाकलीच. आपल्याला कार्ड विचारण्याची छाती कुणाची होती?

हिच्या मात्र पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं. कार्ड आलं तेव्हा ही म्हणाली होती, “यात तुम्ही अगदी दाजींसारखे दिसता.” बिचारी सरळ खरं बोलली. मला वाटलं, नेहमीसारखी थोरल्या जावयाशी तुलना चालली आहे. मी आठवडाभर अबोला धरला होता. परवा हिला सगळं सांगितलं तर पदरात तोंड खुपसून हसली आणि म्हणाली, “आता तरी माझं ऐकत चला.”

माझं नाव वाचवायला आमचे सेक्रेटरी धावले, ते सांगायला हवं. शाळेत येऊन म्हणाले, “मी यांना ओळखतो. विशेषतः यांची डावीकडची दाढ.” बाई म्हणाल्या, दाढ मत देत नाही, आणि एकाच पक्षाच्या माणसांनी एकमेकांना ओळखणं त्या धरत नाहीत. मी कानांची हकीकत सांगितली तेव्हा म्हणाल्या, कान ज्यांचे आहेत त्यांना घेऊन या, दोघं शेजारी शेजारी बसा, दोन्ही कार्डं समोर ठेवा, मी दुरुस्ती करून देते. महिनाअखेर मुदत. नाहीतर नाव गेलं. सांगायला लाज वाटते, पण घरी येताना रस्ताभर मी ओळखीचं माणूस शोधत होतो. घड्याळजी गेले, स्टुडिओवाला गेला, लाँड्रीत नवीन माणसं आली. मला ‘काय शिंपीबुवा’ म्हणून हाक मारणारं सबंध रस्त्यात कुणी भेटलं नाही. यादीत नाव नसलं तर मी इथे राहतो याला पुरावा काय, असं उगाच वाटून गेलं.

असो. पत्र लिहायला काही खास कारण नाही, सहज आठवण आली म्हणून लिहिलं. ताईंना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद, जावयाला सबुरी.

तुमचा,
यादीतून निघण्याच्या बेतात असलेला,
धाकटा साडू

ता. क. – महिना संपायच्या आत एकदा येऊन जा. तुमची लेक परदेशी तर राहत नाही, रात्रीच्या गाडीत बसलात की सकाळी दारात. येताना तुमचं कार्ड आठवणीने आणा. ते नसेल तर बाई कागदाला हात लावणार नाहीत.

ता. क. २ – मत कुणाला देणार ते विचारू नका. तुमच्या पक्षाला नक्की नाही.

ता. क. ३ – पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. कॅरम बोर्ड मी घरी आणलाय, पावडरही आणली आहे. शाळेत चौकशी केली, पहिल्या खेपेला कागद अपुरा पडला तर बाई पुढच्या आठवड्याची वेळ देतात, आणि मुदतीला अजून अवकाश आहे. तेव्हा येताना तुमचं कार्ड घरी विसरून या. मग लेकीला फोन करू, ती पोस्टाने पाठवील, आणि ते येईपर्यंत तुम्हाला इथून हलता येणार नाही.