गिरिजाच्या कपाटाचा वाचलेला खण

मी, शिवशरण बसलिंगप्पा कोरे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा जुन्या लाकडी सामानाचा रंग काढून ते दुरुस्त करणे, राहणार उमरगा, जिल्हा धाराशिव, राजीखुशीने लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. कान मंदावले आहेत, पण या कामाला कान लागत नाहीत. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. घरात माझ्याशी कोणी तेवढे बोलतही नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते ज्या वस्तूसाठी केले होते, ती आता राहिलेली नाही.

कलम १. राहते घर मुलगा ईरण्णा याला. हायवेलगतचे दुकान आणि त्यातला रंग उतरवायचा कॉस्टिक सोड्याचा हौदही त्यालाच. नाहीतरी दुकान त्याने माझ्या हयातीतच ताब्यात घेतले आहे.

कलम २. बँकेतली शिल्लक मुलगी शिवगंगा, राहणार माकणी, हिला. ईरण्णाने तोंड वाकडे करू नये. आईचे आजारपण तिने काढले.

कलम ३. माझी खरवडायची पाती कोणालाच नाहीत. देवदारी लाकूड मऊ असते. पाते हलक्या हाताने चालवले तरच रंग निघतो आणि लाकूड शाबूत राहते. हौदात बुडवले की रंगाबरोबर सांध्यांतला सरसही सुटतो. हे ईरण्णाला सांगून थकलो. "आप्पा, तुमी एका कपाटाला म्हैना लावता. गिऱ्हाईक थांबतंय व्हय?" गिऱ्हाईक थांबत नाही, हे खरे आहे. पाती गंजू द्यावीत.

कलम ४. हे कलम पूर्वी माझी बायको गिरिजा हिच्या कपाटाचे होते. निजामाच्या काळातले ते देवदारी कपाट लग्नाच्या वर्षी मी खरवडायला म्हणून घरी आणले. तिने हात लावू दिला नाही. "गावाचं खरवडता, ह्येला तरी ऱ्हाऊ द्या," म्हणाली, आणि दसऱ्याची साफसफाई आली की मनाला येईल तो रंग स्वतः त्यावर चढवत गेली. निळा, हिरवा, पिवळा. ती गेल्यावर मी लिहून ठेवले होते की हा रंग कोणी काढू नये.

यंदा श्रावणात मी माकणीला गेलो असताना ईरण्णाने ते हौदात घातले. हैदराबादच्या व्यापाऱ्याला खालचे लाकूड दिसायला हवे होते. मी आलो तेव्हा कपाट उन्हात वाळत होते, पांढरेफटक. "कसं नवं निघालंय बघा, आप्पा," म्हणाला. तो खूश होता. लोकांचे रंग काढण्यात जन्म गेला. एक कपाट रंगासकट राखायचे होते, तेवढेही झाले नाही. आता जगण्यात राम उरलेला नाही.

कलम ५. खालचा खण दुरुस्तीसाठी माझ्या खोलीत होता, म्हणून वाचला. त्याच्या पुढच्या फळीवर निळ्या रंगात लहान हाताचा ठसा आहे. ईरण्णा नुकता चालायला लागला होता, तेव्हा ओल्या रंगात त्याने हात टेकवला. गिरिजाने तो कधी झाकला नाही. पुढचे सगळे रंग त्या हाताच्या कडेकडेने दिले. ईरण्णाला हे आठवते का, मी विचारलेले नाही. विचारायची भीती वाटते.

आम्हा लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवून नेतात आणि बसवूनच पुरतात. माझ्या बैठकीखाली ही फळी घालावी, रंगाची बाजू वर. विधी करणाऱ्या स्वामींनी हरकत घेतली तर हे कलम वाचून दाखवावे. असे कागद माती झाल्यावर उघडतात, म्हणून एक प्रत शेजारी शरणबसप्पा यांच्याकडे देतो. माझे डोळे मिटताच त्यांनी ती वाचावी.

फळी खड्ड्यात ठेवण्याआधी ईरण्णाने त्या निळ्या हातावर आपला हात एकदा ठेवून पाहावा. मावणार नाही. मग माती लोटावी.

हे सारे मी स्वतः लिहिले, पुन्हा वाचले, आणि साक्षीदारांसमोर सही करतो.

सही: शिवशरण बसलिंगप्पा कोरे

साक्षीदार:
१. शरणबसप्पा मलकाप्पा बिराजदार, शेजारी
२. महारुद्र नागनाथ सुरवसे, लाकूड वखार

स्थळ: उमरगा
दिनांक: १४ सप्टेंबर २०२४